कुत्र्याला परदेशात नेताना : तिकिटाआधी तारखांचा हिशेब

परदेशात जायचे ठरले की बहुतेक जण आधी स्वतःचे तिकीट काढतात आणि मग कुत्र्यासाठी काय करावे लागेल याची चौकशी सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. कुत्र्याच्या बाबतीत लशीचा परिणाम शरीरात दिसू लागण्यासाठी, तो रक्ताच्या तपासणीतून सिद्ध होण्यासाठी आणि त्यानंतर देशोदेशींच्या नियमांनी ठरवलेली मुदत उलटण्यासाठी जो वेळ लागतो, तो जास्त पैसे भरून किंवा ओळखी काढून कमी होत नाही. काही देशांसाठी ही तयारी महिन्याभरात आटोपते, तर काहींसाठी सात-आठ महिने हाताशी असावे लागतात. म्हणून पहिले काम म्हणजे ज्या देशात जायचे आहे त्याच्या पशुआरोग्य विभागाचे सध्याचे नियम त्या विभागाच्याच अधिकृत संकेतस्थळावर वाचणे आणि प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजत येणे.

नियम वाचताना तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. कुत्रा कोणत्या देशातून निघणार आहे? कारण बहुतेक देश इतर देशांची रेबीजच्या धोक्यानुसार वर्गवारी करतात आणि तोच कुत्रा एका देशातून आला तर साध्या कागदांवर, दुसऱ्या देशातून आला तर रक्ततपासणीनंतरच आत घेतात. वाटेत तो कुठे उतरणार आहे? विमान बदलताना काही ठिकाणी त्या मधल्या देशाचीही परवानगी लागते. आणि तो मालकासोबत जाणार आहे की एकटा? युरोपीय संघाच्या नियमांनुसार मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तर तो घरगुती प्राण्याचा प्रवास न राहता व्यापारी वाहतूक समजली जाते आणि तिचे कागद वेगळे असतात. ‘मी पुढे जातो, महिन्याभराने कुत्र्याला मागवून घेतो’ असे ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात घेतलेली बरी.

या साऱ्या सोपस्कारांच्या मुळाशी रेबीज आहे, आणि त्याचे वागणे एकदा समजले की नियम जाचक वाटत नाहीत. चावा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे जातात, कधी कधी काही महिनेही जातात, आणि त्या काळात कुत्रा खातो-पितो, खेळतो, अगदी ठणठणीत दिसतो. विमानतळावरच्या डॉक्टरांनी नुसते पाहून काहीच कळत नाही. जपानमध्ये १९५७ नंतर देशातल्या प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही त्यापासून मुक्त आहेत. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणात ठेवण्याची पद्धत होती. २००० साली चिप, लस आणि रक्ततपासणी यांवर आधारलेली योजना आली, तेव्हा नियम पाळून येणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. रक्ततपासणीने लस लागू पडल्याचे कळते. मात्र लशीच्या आधीच संसर्ग झालेला नव्हता याची खात्री त्यानंतरच्या प्रतीक्षेतूनच मिळते. पूर्वी जी वाट विलगीकरणाच्या पिंजऱ्यात पाहावी लागे, ती आता कुत्रा स्वतःच्या घरी पाहतो, असे या मुदतीकडे पाहावे.

चिप, मग लस, मग रक्त

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि ती दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने बसवतात. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, पंधरा आकडी क्रमांकाची असावी. तिच्यात बॅटरी नसते आणि ती कुत्रा कुठे आहे हेही सांगत नाही; वाचनयंत्र जवळ नेले की फक्त क्रमांक दिसतो. पण कुत्र्याची सारी ओळख त्या क्रमांकावर उभी असते. चिप बसण्याआधी टोचलेली रेबीजची लस बहुतेक देश धरतच नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली होती असे कागदावरून सिद्ध करता येत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. आमच्या कुत्रीला लस आधी दिली गेली आणि चिप नऊ दिवसांनी बसली. दोन्ही नोंदी तारखांसह व्यवस्थित होत्या, डॉक्टर ओळखीचे होते, पण प्रमाणपत्राच्या छाननीत ती लस बाद झाली आणि सारी मोजणी नव्या लशीपासून पुन्हा सुरू करावी लागली. त्यानंतर मी एक नेम केला : दवाखान्यात लस, रक्त किंवा जंतनाशक काहीही असो, आधी चिप वाचून घ्यायची. डॉक्टर यंत्र मानेपासून खांद्यापर्यंत हळूहळू फिरवतात, बीप वाजते, पडद्यावर आकडे उमटतात. ते तीन-तीनच्या गटांत मोठ्याने वाचायचे आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. चिप कधी कधी सरकून पुढच्या पायाच्या वरच्या भागात जाते, त्यामुळे मानेवर सापडली नाही तर घाबरून न जाता खांदे आणि कोपरांपर्यंत यंत्र फिरवायला सांगावे. पंधरापैकी एक आकडा चुकीचा लिहिला गेला, तरी विमानतळावर तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

लशीच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियम असा, की पहिल्या लशीच्या वेळी पिल्लू किमान बारा आठवड्यांचे असावे आणि त्यानंतर २१ दिवस उलटल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. प्रमाणपत्रात लशीचे आणि उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख लिहिलेली हवी; लशीच्या बाटलीवरचे लेबल पुस्तिकेत चिकटवून त्यावर सही-शिक्का घेतला तर उत्तम. पुढचा डोस आधीच्या लशीची मुदत संपण्यापूर्वी दिला गेला पाहिजे. एका दिवसाचा जरी खंड पडला तरी नवा डोस पहिलाच धरला जातो आणि प्रतीक्षा नव्याने सुरू होते. ज्यांचा कुत्रा आज नाही तरी दोन-तीन वर्षांत परदेशात जाण्याची शक्यता आहे, त्यांनी एवढा एक नियम आतापासून पाळला तरी पुढचे बरेच काम वाचते.

रक्ततपासणीत रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे, म्हणजे लशीमुळे रक्तात तयार झालेल्या संरक्षक घटकांचे, प्रमाण मोजतात आणि ते प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच झाली पाहिजे. जवळच्या कुठल्याही प्रयोगशाळेचा अहवाल चालत नाही. युरोपीय संघाच्या यादीत नसलेल्या देशातून जाताना रक्त लशीनंतर किमान ३० दिवसांनी काढावे लागते आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावे लागते. प्रमाण कमी भरले तर पुन्हा लस आणि पुन्हा रक्त असा क्रम घ्यावा लागतो, म्हणून वेळापत्रकात एका अपयशाला पुरेल एवढी सवड ठेवावी. हे क्वचित घडते, पण ज्याच्यावर वेळ येते त्याचा सगळा बेत कोलमडतो.

जपानचे उदाहरण घेतले की मागे मोजत येणे म्हणजे काय ते नीट कळते. रेबीजमुक्त मानल्या न गेलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्याला तिथे चिपनंतर रेबीजचे दोन डोस लागतात, पहिला वयाच्या ९१ दिवसांनंतर आणि दुसरा त्यानंतर किमान ३० दिवसांनी. मग रक्ततपासणी, आणि रक्त काढल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. शिवाय येण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या प्राणी विलगीकरण सेवेला सूचना द्यावी लागते. समजा १ जानेवारीला चिप बसवून त्याच वेळी पहिला डोस दिला, ३१ जानेवारीला दुसरा दिला आणि १४ फेब्रुवारीला रक्त काढले, तर १८० दिवस १३ ऑगस्टला पूर्ण होतात आणि त्या दिवशी पोहोचायचे असेल तर सूचना ४ जुलैपर्यंत गेलेली असली पाहिजे. हे सारे न करता कुत्रा नेला तर उरलेले दिवस, म्हणजे जास्तीत जास्त १८०, त्याला तिथल्या विलगीकरण केंद्रात काढावे लागतात.

ऑस्ट्रेलियाचे नियम याहून कडक आहेत. आयात परवाना, रक्ततपासणीनंतरची १८० दिवसांची मुदत, लीशमानियासारख्या इतर रोगांच्या तपासण्या, आणि हे सगळे झाल्यावरही मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील केंद्रात किमान १० दिवस. कुत्र्याची ओळख निघण्याच्या देशातच सरकारी पशुवैद्यकाकडून ठरलेल्या पद्धतीने आधी पडताळली गेली नसेल तर ३० दिवस. मान्य यादीत नसलेल्या देशांतून तिथे थेट नेताच येत नाही. आधी मान्य देशात नेऊन तिथून तयारी करावी लागते. न्यूझीलंडमध्येही बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना किमान १० दिवसांचे विलगीकरण आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले : कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा, त्याला चिप असावी, तो निरोगी दिसावा आणि सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला असावा, रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत गेल्या सहा महिन्यांत राहिलेल्या कुत्र्यांसाठी लशीची वेगळी कागदपत्रे लागतात. जुन्या माहितीवर विसंबून पिल्लू नेऊ पाहणाऱ्यांनी या वयाच्या अटीकडे खास लक्ष द्यावे.

जाती, जंत आणि शेवटचे दहा दिवस

काही देशांत काही जातींना प्रवेशच नाही. ब्रिटनमध्ये १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्याने पिट बुल टेरियर, जपानी तोसा, दोगो आर्जेंतिनो आणि फिला ब्रासिलेरो या प्रकारांवर बंदी आहे, आणि अलीकडे एक्सएल बुलीचाही त्यात समावेश झाला आहे. तिथे कुत्र्याच्या वंशावळीपेक्षा त्याचे रूप पाहिले जाते, त्यामुळे मिश्र जातीचा कुत्रा असल्यास आधी विचारून घ्यावे.

ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे या देशांत जाण्यापूर्वी पट्टकृमीवरचे औषध द्यावे लागते. एकायनोकॉकस मल्टीलॉक्युलॅरिस हा कृमी माणसाच्या यकृतात गंभीर आजार निर्माण करतो आणि तो या देशांत शिरू नये अशी त्यांची धडपड आहे. औषधात प्राझिक्वांटेल असले पाहिजे आणि ते पोहोचण्याच्या वेळेपूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान, पशुवैद्याच्या हातून दिले गेले पाहिजे. डॉक्टरांना तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहायला सांगावी, आणि तास मोजताना विमान निघण्याची वेळ न धरता उतरण्याची वेळ धरावी.

आरोग्य प्रमाणपत्र हा शेवटचा आणि सर्वांत नाजूक कागद आहे. युरोपीय संघासाठी ते अधिकृत पशुवैद्यकाने दिल्यापासून सीमेवर तपासणी होईपर्यंत १० दिवस चालते. नेहमीच्या डॉक्टरांनी भरलेल्या प्रमाणपत्रावर अनेक ठिकाणी सरकारी पशुवैद्यकाची सही लागते, आणि त्या दहा दिवसांत शनिवार, रविवार किंवा सणाची सुट्टी आली तर हातात फार थोडे दिवस उरतात. म्हणून तिथली भेटीची वेळ महिनाभर आधी ठरवावी आणि मसुदा आधी दाखवून घ्यावा. सही आणि शिक्का छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगात असावा, अशी युरोपीय प्रमाणपत्राची अट आहे, तेव्हा काळ्या छपाईवर निळी शाई वापरावी. खाडाखोड करू देऊ नये. मूळ कागद हाताशी ठेवून प्रतींचे दोन संच करावेत, त्यांतला एक पिंजऱ्यावर पारदर्शक पाकिटात चिकटवावा.

पिंजरा

कागदांची चिंता माणसाची असते. कुत्र्याचा खरा प्रवास पिंजऱ्यात होतो, आणि माझ्या मते तयारीतला सर्वांत जास्त जीव इथे ओतावा. हवाई वाहतुकीसाठी पिंजरे आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीप्रमाणे असावे लागतात. कुत्र्याला आत डोके न टेकवता उभे राहता, सहज वळता आणि नेहमीसारखे पाय पसरून झोपता आले पाहिजे. मापे अशी घ्यावीत : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची सर्वांत जास्त रुंदी, आणि उभे असताना जमिनीपासून डोके किंवा कान यांपैकी जे उंच असेल तिथपर्यंतची उंची. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची चौथ्या मापाएवढी, अधिक अंथरुणाची जाडी. समजा ही मापे अनुक्रमे ७०, ३०, २२ आणि ६० सेंटिमीटर आली, तर पिंजरा आतून किमान ८५ लांब, ४४ रुंद आणि ६० हून थोडा उंच हवा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी यात आणखी दहा टक्के भर घालावी लागते. दुकानातल्या मोठा, मध्यम, लहान अशा नावांवर विसंबू नये, कारण तिथली मापे बहुतेक वेळा बाहेरून घेतलेली असतात.

पिंजरा टणक असावा, चारही बाजूंनी हवा खेळावी, दाराची जाळी धातूची असावी आणि दोन भाग प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांऐवजी धातूच्या नट-बोल्टने जोडलेले असावेत. चाके असतील तर काढून ठेवावीत. अन्नाची आणि पाण्याची वाटी दाराला आतून अशी बसवावी, की दार न उघडता बाहेरून भरता येईल. बाहेर ‘जिवंत प्राणी’ आणि ‘ही बाजू वर’ अशा खुणांची लेबले लागतात. आत शोषून घेणारे अंथरूण, आणि त्यावर घरातल्या माणसांचा वास असलेली न धुतलेली चादर किंवा जुना सदरा.

सवय लावायला किमान सहा आठवडे द्यावेत. पहिले काही दिवस पिंजऱ्याचे दार काढून तो बैठकीच्या खोलीत नुसता ठेवून द्यावा आणि कुत्र्याला कधीही आत ढकलू नये. आमची कुत्री पहिले तीन दिवस फक्त मान आत घालून खाऊ उचलायची आणि मागचे पाय बाहेरच घट्ट रोवून ठेवायची; चौथ्या दिवशी जेवणाची वाटी पार आत, मागच्या भिंतीला लावून ठेवली, तेव्हा ती पूर्ण आत गेली, पण खाऊन झाल्याबरोबर उलट्या पावली बाहेर आली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका दुपारी ती आपण होऊन आत जाऊन झोपलेली दिसली. त्यानंतरच दार लावायला सुरुवात करावी : आधी जेवणापुरते, मग पाच मिनिटे, मग आपण खोलीबाहेर जाऊन अर्धा तास, मग रात्रभर. पिंजऱ्यासकट गाडीतून थोडे फिरवून आणले की हलणाऱ्या पिंजऱ्याचीही ओळख होते. दाराला बांधलेल्या वाटीतून पाणी प्यायचीही सवय आधीच लावावी, नाहीतर तहानलेला कुत्रा भरल्या वाटीशेजारी तसाच बसून राहतो.

विमान, हवामान आणि झोपेचे औषध

कुत्रा विमानातून तीन प्रकारे जातो : लहान असेल तर केबिनमध्ये आसनाखाली, मालकाच्या सामानाबरोबर खालच्या भागात, किंवा स्वतंत्र कार्गो म्हणून. कोणता प्रकार चालेल हे विमान कंपनी आणि देश दोघे मिळून ठरवतात. ब्रिटनमध्ये विमानाने येणारे कुत्रे, मदतनीस कुत्रे सोडल्यास, साधारणपणे कार्गोनेच येतात. खालच्या भागाविषयी लोकांच्या मनात फार भीती असते, पण प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो आणि तापमानही राखले जाते. खरा धोका असतो तो विमान जमिनीवर असतानाच्या वेळेचा, तापलेल्या किंवा गोठलेल्या धावपट्टीवर पिंजरा थांबतो तेव्हाचा. म्हणून उन्हाळ्यात रात्रीचे किंवा पहाटेचे, कडाक्याच्या थंडीत दुपारचे आणि शक्यतो थेट विमान निवडावे. अनेक कंपन्या तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली किंवा २९ अंशांच्या वर असेल तर कुत्रा घेत नाहीत. प्रत्येक विमानात प्राण्यांच्या जागा मोजक्याच असतात. आधी फोन करून कुत्र्याची जागा पक्की करावी, मग आपले तिकीट काढावे.

पग, बुलडॉग, बॉक्सर, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींबाबत मी कळकळीने सांगतो, की प्रवास टाळता येत असेल तर टाळावा. अरुंद नाकपुड्या आणि लांब मऊ टाळू यांमुळे त्यांना धाप टाकून शरीर थंड करणे कठीण जाते, आणि भीतीने श्वास वाढला की घशाला सूज येऊन आणखी अडथळा होतो. अनेक कंपन्या त्यांना कार्गोत घेतच नाहीत. न्यावेच लागले तर आधी श्वसनाची तपासणी करून घ्यावी आणि वजन आटोक्यात आणावे.

झोपेचे औषध देऊ नये. प्रवासात कुत्रा शांत राहावा ही इच्छा प्रेमापोटीच असते, पण अॅसेप्रोमॅझिनसारखी औषधे रक्तदाब उतरवतात आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतात. गुंगीत असलेल्या कुत्र्याला पिंजरा हलताना तोलही सावरता येत नाही, आणि तिथे त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी नसते. गुंगीतला कुत्रा विमान कंपनी नाकारूही शकते. फार घाबरणाऱ्या कुत्र्याबद्दल काही महिने आधी डॉक्टरांशी बोलावे आणि पिंजऱ्याच्या सवयीसाठी जास्त वेळ द्यावा.

निघण्याच्या दिवशी हलके जेवण चार ते सहा तास आधी द्यावे, पाणी मात्र बंद करू नये. लांब फेरी मारून आणावे आणि कार्गोच्या इमारतीत सोपवण्यापूर्वी पुन्हा एकदा लघवीला न्यावे. गळ्यात साखळी किंवा अडकेल असा पट्टा ठेवू नये. पाण्याची वाटी आदल्या रात्री भरून गोठवली तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहते. निरोप थोडक्यात घ्यावा. आपला रडवेला आवाज कुत्र्याला बरोबर कळतो.

पोहोचल्यावर कार्गोने आलेला कुत्रा प्रवाशांच्या दारातून मिळत नाही. तो वेगळ्या इमारतीत, पशुवैद्यक तपासणी आणि सीमाशुल्काचे कागद झाल्यावर मिळतो, आणि त्यात काही तास जातात. तिथे जाताना मूळ कागद, एअर वेबिल (कार्गो सोपवताना मिळालेली पावती) आणि पट्टा सोबत घ्यावा. पिंजऱ्याचे दार खोलीत किंवा गाडीत, सगळी दारे बंद असताना, आणि हात आत घालून पट्टा अडकवल्यावरच उघडावे, कारण गोंधळलेला कुत्रा अनोळखी जागी सुटला तर त्याला परतीची वाट ठाऊक नसते. पहिला दिवस पाणी थोडे थोडे, खाणे निम्मे आणि झोप भरपूर. दोन दिवसांपेक्षा जास्त काळ तो खात नसेल, खोकत असेल किंवा जुलाब होत असतील तर तिथल्या डॉक्टरांना दाखवावे. त्याच आठवड्यात चिपच्या नोंदीतला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नव्या देशातल्या नोंदवहीत बदलून घ्यावा आणि रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख लिहून ठेवावी.